मालक मी, परवानगी कोणाची?

संगणक माझ्या पैशाचा, वीजबिल माझ्या नावावर, आणि लिनक्स मला म्हणतो, 'परमिशन डिनाइड'! या अपमानाचा बदला म्हणून दिसेल त्या कमांडपुढे 'सुडो', म्हणजे 'रूट' या सर्वाधिकारी खात्याच्या नावाने हुकूम सोडणारा शब्द, ठोकणाऱ्या संप्रदायाचा मी निष्ठावंत वारकरी. तरीही माझं प्रामाणिक मत असं की, नकार मिळाला की अधिकार वाढवण्याआधी मालक शोधावा. 'एलएस -एल' मारलं की फाइलचा सातबारा समोर येतो: मालक कोण, गट कोणता, कोणाला काय करता येतं. पण सातबारा वाचण्यात रुबाब कुठला? रुबाब सुडोत, पण तो महाग पडतो. 'सुडो' लावून विम हा एडिटर उघडला की होम फोल्डरातली त्याची इतिहासाची फाइल रूटच्या नावावर जाऊ शकते, आणि पुढच्या खेपेला साध्या खात्यातला विम तिच्यात लिहू शकत नाही. 'सुडो इको' करून, म्हणजे मजकूर छापणारी इको कमांड सुडोने चालवून, '>' या बाणाने सिस्टिमच्या फाइलीत मजकूर ढकलायला जावं, तर रूटचे अधिकार मिळतात इकोला, ज्याला त्यांचं काही कामच नव्हतं. फाइल उघडतो शेल, म्हणजे माझ्या कमांडी वाचणारा प्रोग्राम, आणि तो साध्या खात्यातलाच, तसाच फाटका.

सुडो १९८०च्या सुमारास अमेरिकेत, बफेलोच्या विद्यापीठात, बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी लिहिला. त्याच्यात एक सोय आहे, सेटिंग बदललं तर पासवर्ड चुकल्यावर तो चक्क टोमणे मारतो. जुन्या आवृत्त्या तर सुडोची मुभा असलेल्यांच्या यादीत नाव नसलेल्याला बजावायच्या, या प्रकाराची नोंद वर कळवली जाईल. वर म्हणजे कोणाकडे? रूटच्या टपालपेटीत. घरच्या मशीनचा रूट कोण? मीच! म्हणजे माझ्याविरुद्धची तक्रार माझ्याकडे, आणि ती वाचायला मला वेळ नाही. सरकारी कामकाजाचा इतका निर्मळ नमुना दुसरा नसेल.

कोणी म्हणेल, मशीनवर मी एकटाच, मग ही सोवळ्याओवळ्याची भानगड कशाला? पण ब्राउझर, त्याची एक्स्टेन्शनं, कुठून तरी उतरवलेली स्क्रिप्ट, सगळी माझ्याच नावाने हिंडतात. माझ्या नावावर कोण काय करेल याची हमी मी स्वतः देणार नाही. म्हणून अडलेल्या नवशिक्याला 'चमॉड ७७७ मार (म्हणजे फाइलीवर सगळ्यांना सगळे अधिकार दे), मोकळा हो' असं सांगणाऱ्यांचा मला खरोखर संताप येतो. तो बिचारा मोकळा होत नाही, अडकतो, आणि वर स्वतःलाच मठ्ठ समजतो. दूरच्या मशीनवर शिरायला वापरतात त्या एसएसएचच्या खाजगी किल्लीला ७७७ दिलं, तर एसएसएच ती हातातही धरत नाही. हाच प्रयोग सगळ्यात वरच्या '/' फोल्डरापासून आतल्या सगळ्या फाइलींवर केला, की सुडोच्या फाइलवरची सेटयूआयडी खूण, जिच्या जोरावर तो रूट बनतो, पुसली जाते आणि सुडो कामच नाकारतो. सगळ्यांना सगळं दिलेलं असतं, आणि ते परत घ्यायला मालकाला पेनड्राइव्हवरून दुसरं लिनक्स चालू करून स्वतःच्याच घरात शिरायची वेळ येऊ शकते.