माळ्यावरील स्प्लिटरास अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री स्प्लिटरराव, वास्तव्य माळा, तिसरा मजला, दादर, यांसी कृतानेक नमस्कार, विनंती विशेष.

आपण व आम्ही एका छपराखाली इतकी वर्षे नांदत असूनही आपल्यात पत्रव्यवहाराचा प्रसंग आजवर आला नाही, याचे कारण आपुलकीचा अभाव हे नसून, आपण तेथे आहात याचाच आम्हांस साफ विसर पडला होता, हे आरंभीच कबूल करून टाकतो. गेल्या महिन्यात सूनबाईच्या कचेरीच्या कामासाठी केबलचे मोडेम घरात आले, त्याच्या कपाळावरचा हिरवा दिवा स्थिर होण्याऐवजी डोळ्यात कण गेल्यासारखा अखंड मिचमिचू लागला, आणि मग मात्र घरातील प्रत्येक तारेची कैफियत घेणे भाग पडले.

आपली नेमणूक १९९६ ची. त्या वर्षी क्रिकेटचा विश्वचषक आपल्याकडे भरला होता. दिवाणखान्यात सामना आणि आतल्या खोलीत मालिका, असा उभय पक्षांस मान्य होणारा तह घडवून आणावयाचा तर दोन टीव्ही आणि दोन जोडण्या हव्यात. आणि दुसऱ्या जोडणीचे केबलवाला दरमहा निराळे पैसे मागणार. तेव्हा लॅमिंग्टन रोडवरून, अंगठ्याएवढ्या रुपेरी देहाचे, एका मुखाने घेऊन दोन मुखांनी देणारे आपण, कागदाच्या पुडीतून घरी आलात आणि तांब्याचे घंगाळ व गेल्या दिवाळीचा आकाशकंदील यांच्या मधोमध गुप्तपणे स्थानापन्न झालात. महिन्याच्या वसुलीला येणारा पोऱ्या दारातून डोकावे तेव्हा आतल्या खोलीतील टीव्ही बंद करण्याचा शिरस्ता आमच्या घरी किती कसोशीने पाळला जाई, याचे आपण एकमेव साक्षीदार आहात.

आपण चाकरी फुकट केलीत, असे मात्र कोणी म्हणू नये. येणाऱ्या लहरीची वाटणी करावयाची म्हणजे प्रत्येकाच्या वाट्यास निम्मे यावे, हे न्यायाचे गणित झाले, आणि ते तीन डेसिबलचे. आपण साडेतीन घेत होता. वरचा अर्धा हा आपला मध्यस्थीचा हक्क, आणि जगात कोणता मध्यस्थ तो सोडतो? शिवाय जुना अॅनालॉग जमाना स्वभावाने क्षमाशील होता. लहर क्षीण झाली की पडद्यावर मुंग्या येत, तार कोठे नीट बसली नसली की निवेदिकेच्या मागे तिचेच एक फिकट भूत उभे राही, आणि आम्ही ते सारे हवामानावर ढकलून खुशाल बातम्या पाहत असू.

पुढे १९९५ च्या केबल कायद्यास २०११ मध्ये दुरुस्ती झाली, आणि बऱ्याच तारीख-पे-तारीखनंतर ३१ ऑक्टोबर २०१२ च्या मध्यरात्री मुंबईतील अॅनालॉग केबल बंद करण्याचे फर्मान निघाले. त्याअन्वये प्रत्येक टीव्हीस आपला निराळा बॉक्स आला, प्रत्येक बॉक्सचा क्रमांक केबलवाल्याच्या दप्तरी नोंदला गेला, आणि ज्या गुप्ततेसाठी आपणांस नेमले होते ती एका रात्रीत निकालात निघाली. १९५० च्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतने खालसा झाली, तरी कित्येक गावी लोक देशमुख-कुलकर्ण्यांस पूर्वीच्याच अदबीने रामराम करीत राहिले. तद्वत आपले काम अर्धेअधिक संपले, पण आपला साडेतीन डेसिबलचा हक्क बिनबोभाट चालू राहिला. डिजिटलच्या राज्यात मुंग्या नाहीत आणि भुतेही नाहीत. तेथे चित्र स्वच्छ असते, किंवा त्याचे चौकोनी तुकडे होऊन ते जागच्या जागी थिजते. मधली अवस्था नाही. आमच्या दिवाणखान्यातील चित्र सुदैवाने स्वच्छ होते, आणि तेथेच आम्ही फसलो.

कारण टीव्ही हा केवळ श्रोता आहे. मोडेमला उलट बोलावेही लागते. वरून येणारा मजकूर वरच्या पट्ट्यांतून येतो, आणि मोडेमचे प्रत्युत्तर त्याच तारेतून, पण पाच मेगाहर्ट्झपासून सुरू होणाऱ्या अगदी खालच्या पट्ट्यातून परत जाते. आपल्या पोटावर मात्र ‘४० ते ८६२’ असे स्पष्ट कोरलेले! म्हणजे चाळीसच्या खालचा जो कोणी येईल त्यास आपण वेशीवरच अडवणार. घरात येणाऱ्यास मुक्तद्वार आणि घरातून जाणाऱ्यास नाकेबंदी. बिचारे मोडेम पलीकडून पोच मिळेना म्हणून आवाज चढवीत जाई, चढवीत जाई, आणि घसा बसला की जोडणी सोडून देई, आणि सूनबाई साहेबाशी बोलताना तोंड अर्धे उघडे अशा अवस्थेत पडद्यावर गोठे. तक्रार नोंदवावी तर केबलवाल्याच्या कचेरीतून ठरलेला सवाल येई, “टीव्ही दिसतोय ना? मग लाइन ओके आहे.” यावर आम्ही आमच्या अकलेने बाजारातून एक बूस्टर आणून मध्ये जोडला. तो फक्त एकाच दिशेने जोर लावतो, हे कळेपर्यंत मिचमिचणारा दिवा पुरता विझला होता.

अखेरीस एक तरुण कारागीर आला. त्याने शिडी मागितली, घंगाळ बाजूस सारले, आणि काळ्या चिकटपट्टीचे वेढे सोलून आपणांस उजेडात आणले. तारेच्या मधली तांब्याची शीर हिरवी पडली होती, आणि तिच्याभोवतीच्या जाळीचे दोन केस वळून त्या शिरेलाच टेकले होते. त्याने मुख्य तारेचे जुने टोक छाटले, नवीन आरजी-६ तार ओढली, पकडीत दाबून एफ कनेक्टर बसविले, आणि ‘५ ते १०००’ असे लिहिलेला आपलाच एक तरुण भाऊबंद आपल्या जागी रुजू केला. त्याच्या एका मुखावर दिवाणखान्यातला बॉक्स आणि दुसऱ्यावर थेट मोडेम, मध्ये दुसरी वाटणी नाही. बूस्टर त्याने माझ्या हातात ठेवला आणि काही बोलला नाही. जाताना एवढेच म्हणाला की, “काका, असा एक सैल सांधा असला ना, की मिक्सरची खरखरसुद्धा तारेत शिरते आणि सगळ्यांची मिळून वर जाते, अख्ख्या विंगचं नेट हलतं.” चौथ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाने गेल्या पावसाळ्यापासून जो बोभाटा चालविला होता, आणि ज्यास आम्ही त्यांच्या चिडखोर स्वभावाचा परिणाम समजत होतो, त्याचा येथे उलगडा झाला. तो त्यांस सांगावा की नाही, याचा विचार चालू आहे.

दिवा आता हिरवागार आणि स्थिर आहे. आपला मुक्काम सध्या खिळे, फ्यूजची तार आणि जुन्या किल्ल्या यांच्या डब्यात असून तेथे आपणांस कोणी उपद्रव देणार नाही.

एक गोष्ट राहिली. शिडीवरून उतरताना त्या मुलाने आपणांस तळहातावर घेऊन विचारले होते, “काका, हा इथं कुणी लावला?” सूनबाई शेजारीच उभी होती. मी म्हणालो, “जुन्या केबलवाल्यानं.” पुढेमागे कोणी आपली जबानी घेतलीच, तर आपणही तेच सांगावे, ही विनंती.

आपला,
माळ्याखालचा भाडेकरू