सर्दीच तर आहे!

मराठी घरात सर्दीला आजाराचा दर्जा नाही. ताप आला की थर्मामीटर निघतो, पोट बिघडलं की मऊभात शिजतो; सर्दी झाली की फक्त ‘रुमाल दुसरीकडे ठेव’ एवढंच ऐकायला मिळतं. त्यामुळे यंदा पावसाळ्यात सर्दीच्या जोडीला डावा गाल ठणकू लागला, वरच्या दाढा पोळीच्या घासालाही कळवळू लागल्या, तेव्हा मला मनातून बरंच वाटलं. दातदुखी! तिला समाजात मान आहे. बायकोने लवंग दिली, साहेबांनी न कुरकुरता रजा दिली, शेजारच्या काकू वाटीभर शिरा घेऊन आल्या.

दंतवैद्यांनी दाढा ठोकून पाहिल्या, फोटो काढला आणि म्हणाले, “दाढा उत्तम आहेत. तुम्हाला सर्दी झालीय.”

माझा शिरा त्या क्षणी बंद झाला.

मग त्यांनी खुर्चीत आडवं ठेवूनच माझी शिकवणी घेतली. चेहऱ्याच्या हाडांत हवेच्या पोकळ्या असतात, सायनस. गालातली सगळ्यांत मोठी, आणि वरच्या दाढांची मुळं तिच्या तळाला जवळजवळ टेकलेली. दोघांच्या तक्रारी मेंदूकडे नेणारी नसही एकच. मग दुखतंय कोणाचं, हे मेंदूला तरी कसं कळावं? विषाणूमुळे आतलं अस्तर सुजतं आणि पोकळीचं तोंड बुजतं. हे तोंड असतं कुठे, तर पार वर. निचऱ्याचा पाइप छताजवळ बसवलेली टाकी म्हणा ना! आमच्या सोसायटीच्या प्लंबरनेसुद्धा असं काम केलेलं नाही.

या पोकळीचं सविस्तर वर्णन नथॅनिएल हायमोर या इंग्रज डॉक्टराने १६५१ साली छापलं. त्याच्याकडे एक बाई आली होती. दात काढल्यावर उरलेल्या भोकात तिने पिसाची काडी घातली, तर ती आत जातच राहिली. मेंदूला लागली की काय, म्हणून बाई हादरली. मला तिच्याबद्दल आदर वाटतो. तिला निदान कोणी ‘सर्दीच तर आहे’ म्हणालं नसावं.

औषध? विषाणूपुढे अँटिबायोटिक चालत नाही. दुखण्याची गोळी घ्या, उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुवा. दहा दिवसांवर गेलं किंवा बरं होता होता उलटलं तर डॉक्टरांकडे जा. आईने मात्र सुंठ-वेखंडाचा लेप कपाळाला लावला. दुखत होता गाल. पण लेपाची जागा आमच्या घराण्यात ठरलेली आहे.

खरी परीक्षा भाचीच्या साखरपुड्यात झाली. वाकलं की हे दुखणं दुप्पट होतं, आणि आमच्याकडे वडीलधाऱ्यांना वाकूनच नमस्कार करतात. मोठ्या आत्याच्या पायांशी वाकलो, गालातला सगळा ऐवज पुढे सरकला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आत्या गहिवरली. “बघा गं, किती हळवं पोर! आजकाल असा भाव उरलाय कुठे?”

आणि मला दंडाला धरून उरलेल्या सगळ्या आत्यांकडे फिरवण्यात आलं.