पीस बघू जरा

दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात नाण्यांचं प्रदर्शन भरलं, की उद्घाटनाची फीत कापायच्या आधीच आत पोचलेले एक गृहस्थ असतात. पाहुण्यांचा हार अजून पुडीत, समईची वात अजून कोरडी, आणि हे कोपऱ्यातल्या टेबलावर वाकून म्हणतायत, "पीस बघू जरा." ह्यांना आत कुणी सोडलं हे संयोजकांना शेवटपर्यंत कळत नाही. चहाचे थर्मास ज्या दारानं आत जातात त्याच दारानं तेही जातात. ह्यांना सगळे नाणेवाले काका म्हणतात. इतर गावांत असा एखादा असतो; कोल्हापुरात पेठेला एक आहे.

काका निवृत्त असतात. बँकेतून, जिल्हा परिषदेतून, साखर कारखान्यातून, कुठूनही. नोकरीत असताना पगाराच्या नोटा मोजायच्या राहिल्या असतील, पण पानाच्या टपरीवर परत आलेलं एकही नाणं सालाखाली काय आहे ते बघितल्याशिवाय त्यांनी खिशात टाकलं नाही. चांदणी असली तर हैदराबादची टांकसाळ, शंकरपाळी असली तर मुंबई, नुसता ठिपका असला तर नोएडा आणि काहीच नसलं तर कोलकाता. मागचं गिऱ्हाईक ताटकळतं, पानवाला कपाळाला हात लावतो आणि काका आनंदानं ओरडतात, "नोएडा!" तो आनंद बाकीच्यांच्या पल्ल्याबाहेरचा आहे.

प्रदर्शनाला येताना शर्टाच्या खिशात भिंग, पँटच्या उजव्या खिशात सोनाराचा छोटा काटा आणि डाव्या खिशात चुंबक. चांदीचा म्हणून पुढं केलेला रुपया चुंबकाला चिकटला, की विषय मिटला. नाही चिकटला, तर काट्यावर चढतो. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा. काटा ११.२० दाखवायला लागला की काका विक्रेत्याकडं नुसतं बघतात. बोलत काहीच नाहीत, पण त्या बघण्यानं पुण्या-मुंबईहून आलेल्या भल्याभल्या डीलर मंडळींना घाम फुटलेला आहे. नाणं नेहमी कडेनं धरायचं, दोन बोटांत. कुणी अंगठा छापावर टेकवला, तर काकांच्या पोटात खड्डा पडतो. मग तो अंगठा उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांचा का असेना.

कोल्हापूरच्या प्रदर्शनाचा जीव शिवराईत. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. होन डोळ्यांनी बघायला मिळणंसुद्धा दुर्मीळ. तरी कोल्हापुरात ज्याला विचाराल त्याच्या पाव्हण्याच्या पाव्हण्याकडं एक होन असतोच, आणि तो पाव्हणा नेमका परवाच परगावी गेलेला असतो. शिवराईचं तसं नाही. ती पुढं पेशवाईतही पडत राहिली, इंग्रजी अमलातही बाजारात चालली, म्हणून आज ती ढिगानं मिळते. एका बाजूला "श्री राजा शिव", दुसऱ्या बाजूला "छत्रपति". पण ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यात घाव हातोड्याचा. त्यामुळे सगळी अक्षरं एका नाण्यावर क्वचित सापडतात. एकावर "राजा" मिळतो, एकावर "शिव", एकावर नुसती "त्रप". शिवराईचा संग्रह म्हणजे खरं तर अक्षरांची खरेदी.

काका भिंग लावतात. "राजा हाय, शिव हाय. श्री कुठाय?"

"काका, श्री ह्या दुसऱ्या पीसवर आहे. दोन्ही घेऊन टाका."

"आणि ठिपक्यांचं वर्तुळ अर्धंच बसलंय. झिजलाय बी किती! ह्यात काय राहिलंय? शंभर देतो."

"काका, सहाशेचा आहे."

"डुप्लिकेट असंल मग."

हा काकांचा हुकमाचा पत्ता. जे नाणं हवं आहे पण परवडत नाही, ते डुप्लिकेट. नाणं ठेवून ते पुढच्या टेबलावर जातात, तिथून तिसऱ्या, आणि अर्ध्या तासानं सहज फिरत आल्यासारखं दाखवत पुन्हा पहिल्या. डीलरनं तोवर ते नाणं बाजूला काढून ठेवलेलं असतं. शेवटी साडेचारशेला सौदा होतो आणि दोघंही आपण बुडालो असं तोंड करतात.

ही सकाळ झाली. दुपारी जेवणानंतर चमत्कार होतो. ओळखीच्या एका विक्रेत्याकडून काका अर्धं टेबल मागून घेतात, त्यावर घरून आणलेला निळा मखमली कपडा पसरतात आणि आपल्याकडचे जादा पीस मांडून पलीकडच्या खुर्चीत बसतात. खुर्ची बदलली की माणूस बदलतो. कॉलेजातला एखादा पोरगा शिवराई उचलून म्हणतो, "काका, झिजलीय की ही."

"झिजली न्हाई भावा, वापरलीय. किती बाजार बघितले असतील तिनं! कोरं नाणं म्हणजे कुणीतरी मडक्यात पुरून ठेवलेलं. ही राबलेली हाय."

"श्री दिसत नाही."

"श्री मनात असावा लागतो."

सकाळचा डीलर शेजारच्या टेबलावरून हे ऐकत असतो आणि दोन्ही हात कोपरापासून जोडतो.

लोकांनी घरून आणलेले डबे उघडायला लागले, की काका न्यायाधीश होतात. कमळाचे पिवळे वीस पैसे देवघरात सोनं म्हणून जपलेले असतात. काका हळुवारपणे ते सोनं नाही हे सांगतात. १९६४चा नेहरूंचा रुपया, १९९९चं शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं नाणं, महायुद्धात तांबं वाचवायला १९४३ पासून काढलेला भोकाचा पैसा. पुष्कळ घरांत त्याचा वॉशर करून नटबोल्टाखाली घातला होता. ह्यातलं काही दुर्मीळ नाही, पण काका कुणाला परत लावताना "जपून ठेवा" म्हणतात. वैष्णोदेवीच्या पाच रुपयांना लाखो मिळतात असं मोबाइलवर वाचून आलेल्यांना मात्र ते चहा पाजतात, आणि चहा संपेपर्यंत रिझर्व्ह बँकेनं २०२१ साली ह्याच फसवणुकीबद्दल लोकांना सावध केलं होतं ते ऐकवतात.

एकदा एक गृहस्थ तांबड्या फडक्यात गुंडाळून राम-सीतेचं नाणं घेऊन आले. मागं ईस्ट इंडिया कंपनी, साल १८१८. तांदूळ खेचतंय, परदेशात कोटीला जातंय, वगैरे. काकांनी भिंगसुद्धा काढलं नाही. "साहेब, १८१८ साली कंपनीनं पेशवाई बुडवली. त्या गडबडीत तिला रामाचं नाणं पाडायला सवड कुठली?"

काकांची खरी विद्वत्ता मात्र शिशावर बसते. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं. रोमन समुद्रदेवाची ती प्रसिद्ध काशाची मूर्ती त्याच टेकाडावर त्याच्या थोडं आधी सापडली होती. ती टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. येणारे-जाणारे मूर्तीपुढं थांबतात. काका तिच्याकडं पाठ करून कुर राजांच्या शिशाच्या नाण्यांपुढं उभे राहतात. सातवाहन काळातले हे कोल्हापूरचे राजे, नाण्यावर धनुष्यबाण. (त्यावरून आजचा कुठला पक्ष, असं विचारलेलं काकांना खपत नाही.) विळिवायकुरानं पाडलेल्या नाण्यावर पुढं सिवलकुरानं आपला ठसा मारला, आणि दोघांच्याही नाण्यांवर नंतर दुसऱ्या विळिवायकुरानं. कुणाच्या ठशाखाली कुणाचा ठसा आहे, ते बघूनच अभ्यासकांनी कोण आधी, कोण नंतर ते ठरवलं. "म्हंजे बघा," काका पोरांना सांगतात, "आधीच्याची पाटी काढून आपली लावायची रीत कोल्हापुरात दोन हजार वर्षांची हाय." हे सांगताना काका जे दिसतात, तेवढे देखणे ते लग्नाच्या फोटोतही नाहीत.

आणि मग १९११चा डुकराचा रुपया. पंचम जॉर्जच्या छातीवरच्या साखळीत हत्ती कोरला होता. सोंड आखूड झाली आणि लोकांना तो डुक्कर दिसला. गवगवा झाला, सरकारला रुपया मागं घ्यावा लागला आणि पुढच्या साली हत्ती नीट कोरावा लागला. काकांकडं तो आहे. विकायला नाही. चार वाजताच्या चहाला रुमाल उलगडतात, भिंग हातात देतात आणि विचारतात, "हत्ती का डुक्कर?" हत्ती म्हणणाऱ्याला दुसऱ्यांदा दाखवत नाहीत.

राहता राहिल्या काकी. काकांच्या आयुष्यात चिंच हा सगळ्यात मोठा शत्रू आहे. शतकानुशतकं हवापाण्यानं तांब्यावर जी काळपट-हिरवी कळा चढते, तिच्यावर नाण्याची अर्धी किंमत असते. दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या ताटात ठेवायच्या म्हणून काकींनी एकदा डबाभर शिवराया चिंच आणि पितांबरी लावून लख्ख केल्या होत्या. काका तीन दिवस जेवले नाहीत. काकी म्हणाल्या, "मी चकचकीत केलो तर तोंड पाडून बसलाय. देवापुढं काय काळं ठेवायचं?"

तेव्हापासून काका प्रत्येक खरेदीचा आकडा घरी एकच सांगतात: शंभर. होळकरी रुपया शंभर, मोगली दाम शंभर. सगळे डीलर ह्या कटात सामील आहेत. तर गेल्या प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी अंबाबाईचं दर्शन घेऊन काकी थेट हॉलमध्ये आल्या. काका त्या वेळी एका शिवराईवर तीन दिवसांची घासाघीस संपवत होते: "श्री राजा शिव" सबंध, एक अक्षर कमी नाही, ठिपक्यांचं वर्तुळसुद्धा पुरं. डीलरचे अडीच हजार, काकांचे आठशे.

"मी म्हटलो बघून जावं," काकी म्हणाल्या आणि तीच शिवराई उचलली. अंगठा बरोबर "राजा"वर. "केवढ्याला ओ ही?"

डीलरनं काकांकडं बघितलं. काकांनी छताकडं बघितलं.

"शंभर," डीलर म्हणाला.

काकींनी पर्समधून शंभराची नोट काढली, शिवराई रुमालात बांधली आणि निघता निघता म्हणाल्या, "अजून असतील तर ठेवा बाजूला, पोरीला बी देतो." जिना उतरल्याचा आवाज येईपर्यंत कुणी हललं नाही. मग डीलरनं काकांपुढं हात पसरला आणि काकांनी उरलेले चोवीसशे निमूट मोजून दिले. ह्या वेळी घासाघीस केली नाही. ती शिवराई सध्या देवघरात आहे. आरशासारखी चमकते म्हणतात.

तेव्हा तुमच्या घरात आजीचा डबा असेल, तर दोन गोष्टी करा. नाण्याला चिंच लावू नका, आणि मोबाइलवर लाखाचा भाव देणाऱ्याला आगाऊ कमिशन पाठवू नका. शेतात नांगराला हंडाच लागला, तर १८७८चा निखात निधी कायदा अजून जागा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. त्यांना आधी कळवा, काकांना नंतर. काका आधी पोचले, तर हंडाच्या हंडा डुप्लिकेट निघेल.