सुपारीला व्हिसा लागत नाही

भारत आणि भूतान यांचे संबंध अतिशय चांगले आहेत, यावर जोयडा तालुक्यातल्या आमच्या नंदिगड्डा या सुपारीच्या गावात कुणाचंही दुमत नाही. किती चांगले आहेत, ते आम्ही क्विंटलच्या भावात मोजतो.

सप्टेंबर 2022 मध्ये दिल्लीने भूतानला एक भेट दिली. दरवर्षी 17,000 टन ओली सुपारी जयगावच्या नाक्यावरून भारतात आणा, किमान आयात किमतीची अट तुम्हाला नाही. बाकीच्या देशांच्या सुपारीला तेव्हा किलोमागे 251 रुपयांच्या खाली उंबरठा ओलांडता येत नव्हता आणि पुढच्या फेब्रुवारीत तो उंबरठा 351 वर गेला. भूतानची सुपारी मात्र थेट माजघरात. अट एकच, ती ओली असावी. परराष्ट्र खात्याला ओलावा आवडतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. आम्ही मूर्खासारखे अंगणात सुपारी वाळवून तिची चाली करत बसलो होतो.

आता गंमत बघा. त्याच सप्टेंबरात भूतानने कोविडच्या बंदीनंतर पर्यटकांसाठी दार उघडलं. भारतीय माणसाला व्हिसा नको, आपण मित्र आहोत. फक्त परमिट घ्यायचं आणि दर माणशी दर रात्री 1,200 रुपये भरायचे. त्याचं नाव शाश्वत विकास शुल्क. नवराबायको चार रात्री राहिले तर 9,600 रुपये झाले. जेवण, गाडी, हॉटेल यांचा हिशेब त्यानंतर सुरू. थोडक्यात, त्यांची सुपारी आमच्याकडे येते तेव्हा तिच्यासाठी नियम बाजूला होतो आणि आमचा सुपारीवाला तिकडे जातो तेव्हा त्याच्या झोपेवर कर बसतो. दिवसा त्याने कितीही विकास केला तरी चालतो, पैसे रात्रीचे.

आमच्याकडच्या एका बागायतदार मामांनी हे ऐकलं आणि बराच वेळ विचार केला. म्हणाले, “सुपारी खाली करून पोती रिकामी परत जात असतील ना? मग एका पोत्यात मला बसवा. विचारलं तर सांगा, ओला आहे.”

खरं बोलायचं तर 17,000 टनांनी आमचा संसार बुडत नाही. भारत हा जगातला सगळ्यात मोठा सुपारी पिकवणारा देश आहे, त्यात ही चिमूटभर. पावसाळ्यात फळं कुजवणारा कोळेरोग बागेतून जेवढं नेतो, त्याची बरोबरी भूतानला जमायची नाही. पण कोळेरोग मैत्री करार करून येत नाही, एवढा प्रामाणिकपणा त्याच्याकडे आहे.

दोन देशांचं बिनसलं किंवा जुळलं की कुणाचं काय होतं, हे आमच्या जोयडा तालुक्याला दिल्लीच्या आधीपासून ठाऊक आहे. आमच्याच तालुक्यात कॅसलरॉक आहे. आज तिथे लोक दूधसागर बघायला म्हणून येतात, पण 1888 मध्ये इथली रेल्वे मुरगावपर्यंत जोडली गेली तेव्हापासून ते सरहद्दीचं स्टेशन होतं. घाटावर इंग्रज, घाटाखाली कुळ्याला पोर्तुगीज. घाटावरच्या माणसाने लग्नाला गोव्यात जायचं म्हटलं की आहेराच्या आधी ट्रंक उघडून दाखवायची. इंग्रज गेला, ट्रंक उघडणं राहिलं.

मग 1953 च्या जूनमध्ये भारताने लिस्बनमधली आपली वकिलात बंद केली. पुढच्या वर्षी गोव्यातून येण्याजाण्यावर परवान्यांचे निर्बंध आले. 1955 मध्ये सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या, उरलेल्या वकिलाती मिटल्या, रेल्वे थांबली. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार लिस्बनमध्ये बसून म्हणत होता की गोवा हा आपलाच प्रांत. नाकेबंदीच्या त्या काळात गोव्याच्या बाजारात हॉलंडचे बटाटे आणि पाकिस्तानचा तांदूळ येत होता. बेळगावचा बटाटा घाट उतरायला तयार होता, पण त्याच्याकडे कागद नव्हते. हॉलंडच्या बटाट्याकडे होते. सार्वभौमत्व म्हणतात ते हेच असावं.

19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला, ते सगळं संपलं आणि आम्हाला वाटलं, हिशेब मिटला. कुठला मिटतोय! पोर्तुगालचा कायदा सांगतो की त्या तारखेपूर्वी गोव्यात जन्मलेला माणूस पोर्तुगीज नागरिकत्वावर हक्क सांगू शकतो, त्याची मुलंनातवंडंही. म्हणजे आजोबा कुळ्याला जन्मले असतील, तर नातू युरोपच्या सत्तावीस देशांत बिनव्हिशाचा फिरतो. आजोबा रेल्वेने पंचवीसेक किलोमीटर वर कॅसलरॉकला जन्मले असतील, तर नातू शेंगेन व्हिशासाठी बँकेची स्टेटमेंटं गोळा करत बसतो. आमच्या आजोबांनी घाट उतरायला आळस केला, त्याची शिक्षा तिसरी पिढी भोगते आहे.

बाकी आशियात तर व्हिसा म्हणजे वरमायेचा रुसवा. कशाने चढेल, कशाने उतरेल, वऱ्हाडाला पत्ता नाही. 2012 मध्ये चीनने नव्या पासपोर्टवर नकाशा छापला आणि त्यात अरुणाचल आणि अक्साई चीन आपल्या पोटात घेतले. भारताने निषेधाचा खलिता पाठवून वेळ घालवला नाही. बीजिंगमधल्या आपल्या वकिलातीने चिनी माणसाच्या पासपोर्टवर व्हिसा देताना त्यावर भारताचा नकाशा उमटवायला सुरुवात केली. बिचारा चिनी प्रवासी ताजमहाल बघायला निघाला होता, त्याच्या खिशात एकाच वहीत दोन सरहद्दी भांडत होत्या. व्हिएतनामने त्याहून सोपं केलं. त्या पासपोर्टला हातच लावला नाही, शिक्का वेगळ्या कागदावर मारला.

कागदाची ही युक्ती चीनला आधीच पाठ होती. अरुणाचलच्या माणसाला तो शिक्का देत नाही, वेगळ्या चिठोऱ्यावर व्हिसा लिहून स्टेपलरने टोचतो. परत आल्यावर पिन काढली की तुम्ही गेलाच नव्हता. 2023 च्या जुलैमध्ये चेंगडूच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेला निघालेल्या अरुणाचलच्या तीन वुशू खेळाडूंना असा टोचलेला व्हिसा मिळाला आणि भारताने वुशूचा अख्खा संघच मागे घेतला. दोन महिन्यांनी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेला त्याच तिघींना जाता आलं नाही आणि आपल्या क्रीडामंत्र्यांनी दौरा रद्द केला. वर्षानुवर्षं लाथाबुक्क्यांचा सराव केलेल्या मुली, आणि हरल्या कुणाकडून तर दहा रुपयांच्या पिनांच्या डबीकडून. इथे मला विनोद सुचत नाही.

त्याआधीच गलवानची चकमक झाली होती, चिन्यांचे पर्यटक व्हिसे पाच वर्षं गोठले, आणि 24 जुलै 2025 ला चिन्यांसाठी आपली खिडकी पुन्हा उघडली. त्याच उन्हाळ्यात कैलास मानसरोवरची यात्रा पुन्हा सुरू झाली. 750 यात्रेकरू, तेही सोडतीने. महादेव बसलाय कैलासावर, पण त्याच्या अंगणात जायला चीनचा व्हिसा. त्यापेक्षा आमच्या तालुक्यातली उळवी बरी. चन्नबसवेश्वराच्या दर्शनाला येणाऱ्याने फार तर वाघाच्या जंगलातून जायचं असतं, आणि वाघ कागद मागत नाही.

या भांडणाचं एक टोक आमच्याच जिल्ह्यात येऊन टेकलं आहे, हे मात्र सदराबाहेरचं म्हणून सांगतो. मुंडगोडला 1966 पासून तिबेटी वसाहत आहे. तिथे जन्मलेल्या कितीतरी माणसांना परदेशी जायचं तर पासपोर्टऐवजी पिवळ्या कव्हरचं ओळख प्रमाणपत्र लागतं, आणि परत यायला भारताची वेगळी परवानगी. ज्या गावी जन्म झाला त्या गावी परतण्यासाठी. बाहेरदेशीचा कुणी भाविक त्यांच्या मठात यायचा म्हटला तर त्याने भारताचा व्हिसा घेतला तरी भागत नाही, गृहखात्याचं संरक्षित क्षेत्राचं परमिटही हवं. चीन आणि भारत यांचं मनोमीलन झालं काय आणि फाटलं काय, त्यांच्या वहीचा रंग पिवळाच.

असो. मामांनी भूतानचा नाद सोडलेला नाही, पण पोत्याचा बेत बारगळला आहे. तुमच्यापैकी कुणी रीतसर निघणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. फुन्त्शोलिंगच्या कमानीखाली पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र दाखवावं लागतं. रेशन, सिमकार्ड, बँकेचं खातं, कशासाठीही गेलं तरी आपल्याकडे जे आधी मागतात, ते आधार कार्ड तिथे चालत नाही.