प्रोसेसरचा ताप

घरी जोडलेल्या कॉम्प्युटरला पहिले दुखणे जडते ते तापाचे, आणि बऱ्याचदा दुखणे थर्मामीटरलाच असते. लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन एकेक भाग गोळा करून, स्क्रू मोजून, मशीन पहिल्या फटक्यात सुरू झाले की गृहस्थ गेम टाकायच्या आधी तापमान दाखवणारे सॉफ्टवेअर टाकतो. तिथून पुढे घरात शांतता राहत नाही.

इंटेलच्या कोअर मालिकेतल्या प्रोसेसरमध्ये सिलिकॉनवरच डिजिटल सेन्सर असतात. हा सेन्सर ‘आत्ता 45 अंश’ असे सांगत नाही. कमाल मर्यादा गाठायला किती अंश उरले, एवढेच तो सांगतो. मर्यादा 100 ची असेल आणि सेन्सर 55 म्हणाला, तर सॉफ्टवेअर वजाबाकी करून 45 दाखवते. सोसायटीच्या वॉचमनला टाकी वाहायला किती उशीर आहे हे अचूक ठाऊक असते, कारण बोलणी त्यावरच खावी लागतात. टाकी पाव भरलेली असताना विचारले तर तो अंदाजे काहीतरी सांगतो. सेन्सरचेही तसेच आहे. त्याची जुळवणी वरच्या टोकाशी केलेली असते, खाली उतरावे तशी चूक वाढते. कोअर 2 च्या 45 नॅनोमीटर पिढीतले काही सेन्सर तर एका आकड्यावर येऊन अडकत आणि मशीन कितीही थंड झाले तरी खाली सरकत नसत.

त्या काळी आणखी एक गंमत होती. वजाबाकीतला वरचा आकडा, म्हणजे कमाल मर्यादा, डेस्कटॉप प्रोसेसरसाठी इंटेलने जाहीरच केलेली नव्हती. सॉफ्टवेअर लिहिणारे आपापल्या बुद्धीने ती धरत. त्यामुळे एकाच मशीनवर दोन सॉफ्टवेअर 10-15 अंशांच्या फरकाने भांडत आणि दोन्हींचे अनुयायी त्याहून जास्त. इंटेलने 2008 मध्ये आकडे सांगितले, पण तेही ‘लक्ष्य’ या शब्दाच्या आडोशाने.

चुकीचा आकडा ओळखण्याची सर्वांत सोपी कसोटी खोलीच्या तापमानाची. नागपुरात मे महिन्यात खोली 38 अंशांवर असताना एएमडीचा जुना एफएक्स प्रोसेसर 19 अंश दाखवत असेल, तर ते कूलरचे कौतुक नव्हे. माठातले पाणी खोलीपेक्षा गार होते, कारण ते झिरपून हवेत उडते. पंख्याखालच्या अ‍ॅल्युमिनियमला घाम येत नाही. हवेवर चालणारा कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही, मग तो कितीही महागाचा असो. तरीही अशा आकड्याचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर जातो आणि त्याला अंगठे मिळतात. एफएक्सचा सेन्सर मशीन रिकामे असताना असलेच बोलायचा. म्हणून एएमडीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये तापमानाऐवजी ‘मर्यादेपर्यंत किती अंतर उरले’ हेच दाखवत. लिनक्सच्या कर्नलबरोबर येणाऱ्या माहितीतही एएमडीच्या ड्रायव्हरखाली स्वच्छ लिहिले आहे, की हा आकडा प्रत्यक्ष तापमान नसून मनाने ठरवलेल्या मोजपट्टीवरचा आहे. ही ओळ वाचलेले गृहस्थ फार थोडे.

उलट बाजूचा घोटाळा 2017 मध्ये झाला. एएमडीचे रायझन 1700 एक्स आणि 1800 एक्स बाजारात आले तेव्हा खऱ्या तापमानात 20 अंश मिळवून दाखवत होते. साधा 1700 मात्र खरे बोलत होता. सगळ्या मॉडेलांचे पंखे एकाच नियमाने फिरावेत म्हणून कंपनीने हे मुद्दाम केले होते. पुढच्या वर्षीच्या 2700 एक्सला ही भर 10 वर आली. भर ठाऊक नसलेल्या सॉफ्टवेअरवर निवांत बसलेला प्रोसेसर 60 च्या घरात दिसे आणि गृहस्थ नवी थर्मल पेस्ट आणायला निघे. पेस्ट बदलली तरी मिळवलेले 20 पुसले जात नसत. ते सॉफ्टवेअरची किंवा बायोसची नवी आवृत्ती टाकल्यावर जात.

मदरबोर्डवरच्या देखरेखीच्या चिपला वेगळी खोड असते. तिच्या काही वाहिन्यांना सेन्सर जोडलेलाच नसतो, पण सॉफ्टवेअर त्यांचेही आकडे छापते. 127 अंश दिसले तर घाबरू नये. आठ बिटांत चिन्हासह मावणारी ती सर्वांत मोठी संख्या आहे. उणे 128 हे तिचेच दुसरे टोक. दोन देखरेखीची सॉफ्टवेअर एकाच वेळी चालू ठेवली, की दोघेही त्या एका चिपला प्रश्न विचारतात आणि उत्तरांची सरमिसळ होते. सल्ला द्यायला आलेल्या दोन काकांपुढे रुग्णाचे होते तसे. बायोसमधला आकडा विंडोजपेक्षा जास्त दिसतो त्यात मात्र चूक नसते, कारण बायोसमध्ये प्रोसेसरची वीज वाचवणारी झोप चालू नसते. 2019 च्या रायझन 3000 मध्ये तर काही देखरेखीची सॉफ्टवेअर इतक्या वारंवार चौकशी करत, की त्या चौकशीनेच प्रोसेसर जागा होऊन तापे. भेटायला आलेला नातेवाईक रुग्णाला हलवून उठवतो आणि विचारतो, ‘झोप लागते ना नीट?’

करोनात घरोघरी आलेली कपाळावर धरायची थर्मामीटर-बंदूक इथे निरुपयोगी. हीटसिंकवर, म्हणजे कूलरच्या धातूच्या भागावर, धरली तर ती ‘लो’ किंवा ‘हाय’ म्हणते, कारण तिला माणसाच्या अंगापलीकडचे जग माहीत नाही. कारखान्यातली बंदूकही चकचकीत धातूवर फसते. धातूच्या स्वतःच्या उष्णतेपेक्षा तिला समोरच्या वस्तूंचे प्रतिबिंबच जास्त दिसते.

त्यापेक्षा आईची पद्धत बरी: हात लावून पाहणे. मशीनवर पाच-दहा मिनिटे जड काम टाकावे, पंख्याच्या पात्यांपासून बोटे दूर ठेवावीत आणि हीटसिंकच्या बुडाजवळ स्पर्श करावा. आकडा 95 आणि हीटसिंक चांगलाच गरम, तर आकडा बहुधा खरा आहे; पंखा, धूळ किंवा कॅबिनेटमधली हवा तपासावी. आकडा 95 आणि हीटसिंक थंडगार, तर आकडा खोटा असे म्हणायची घाई नको. प्रोसेसर खरोखर भाजत असेल आणि त्याची उष्णता वर पोचतच नसेल. अशा वेळी कूलर काढला की बहुतेकदा बुडाशी पारदर्शक प्लॅस्टिकची फिल्म निघते. तिच्यावर ‘वापरण्यापूर्वी काढा’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते. फिल्म नसेल तर इंटेलच्या जुन्या कूलरच्या चार खिळ्यांपैकी एखादा ‘टक्’ न करता वरच राहिलेला असतो. कूलर पाण्याचा असेल तर बहुधा त्याचा पंपच फिरत नसतो. फिल्म निघाल्यावर गृहस्थ ती खिशात घालतो आणि घरच्यांना ‘सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम होता’ असे सांगतो.

हीटसिंक थंड, पकड पक्की, पेस्ट नीट आणि तरी आकडा 95, तर शेवटची साक्ष प्रोसेसरच्या वेगाची, म्हणजे क्लॉक स्पीडची. मर्यादेला टेकलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. पूर्ण ताणाखाली वेग टिकून असेल तर सेन्सर काहीही म्हणो, मशीनला ताप नाही. एक अपवाद 2022 च्या रायझन 7000 मालिकेचा. तिच्या वरच्या मॉडेलांत पूर्ण ताणाखाली 95 अंशांपर्यंत जाणे कंपनीनेच ठरवलेले आहे. तो आकडा पाहून दुप्पट किमतीचा कूलर बसवणाऱ्याला पुष्कळदा पुन्हा 95 च दिसतात, फक्त प्रोसेसर थोडा जास्त वेगाने चालतो.