बँजो आणि अबोला

अहो, जरा इकडे या ना कुंपणापाशी. ऐकलंत का, शनिवारी काय झालं ते? आम्ही सगळ्या जणी स्टेशन इनला ब्लूग्रास ऐकायला गेलो होतो! ते नाही का, नॅशव्हिलच्या गल्च भागात, आजूबाजूला उंचच उंच बिल्डिंगा आणि मध्येच ते बुटकं दगडी घर... तेच. १९७८पासून तिथंच ठाण मांडून बसलंय. आतून म्हणाल तर... जाऊ दे, पॉपकॉर्न मात्र छान होते.

तर काय सांगत होते, आपल्या सेक्रेटरीणबाई निघाल्या चक्क पैठणी नेसून! ब्लूग्रासला! मी म्हटलं, "अहो, तिथं बिअरचे जग फिरतात," तर मलाच म्हणतात, "कॉन्सर्ट आहे ना? मग?" आता यावर काय बोलायचं! आणि तिथं रिझर्व्हेशन नाही हो, जो आधी येईल त्याची खुर्ची. बाईंनी पहिल्या रांगेत शाल, पर्स, पाण्याची बाटली, सगळं मांडून ठेवलं आणि गेल्या फोटो काढायला. परत येतात तो एक हॅटवाले आजोबा आपल्या मंडळींसकट तिथं बसलेले. अगदी अदबीनं उठून त्यांनी पर्स नि शाल बाईंच्या हातात दिली, आणि पुन्हा बसले! चेहरा बघायला हवा होता तुम्ही बाईंचा.

मग उरलं काय, तर कडेच्या त्या बसमधल्या सीटा. ब्लूग्रासवाल्या लेस्टर फ्लॅटच्या टूर बसच्या आहेत म्हणे. आणि तिथं शेजारी शेजारी बसायची पाळी कोणावर यावी? सेक्रेटरीणबाई आणि डॉक्टरीणबाई! हो हो, त्याच! दिवाळीच्या फराळाच्या हिशोबापासून ज्यांचं बोलणं बंद... तुम्हाला सगळं माहितीच आहे, मी कशाला तोंड उघडू. मध्ये पर्स उभी करून ठेवली होती. मी आपली मागून बघतेय.

वाजवायला लागले आणि... अहो, ड्रम नाही की काही नाही. बँजो, मँडोलिन, फिडल, गिटार आणि तो माणसाएवढा बेस. मधोमध एकच माइक. ज्याची पाळी तो पुढे सरकतो, वाजवतो, अलगद बाजूला होतो, की दुसरा तिथं हजर. कार्याच्या दिवशी एवढ्याशा स्वयंपाकघरात चार जावा वावरतात ना, तसं. कोपराला कोपर लागत नाही. बँजोवाला तर विशीतला पोरगा. अंगठा नि दोन बोटं, त्यांवर नख्या चढवलेल्या, आणि वेग असा की बोटं दिसेनात. डॉक्टरीणबाई आधी नाक मुरडून म्हणाल्या, "मग ताल कोण धरतं?" जरा वेळानं कळलं, मँडोलिनवालाच मधल्या ठोक्यावर खट् खट् तारा छेडत होता. आणि यांचा पाय हलायला लागला. मी पाहिलं ना!

मध्यंतरात हॅटवाले आजोबा पॉपकॉर्न घेऊन आले, खुर्चीची भरपाई म्हणून. सीटवर हात ठेवला आणि सुरूच झाले, ब्लूग्रासचा जनक बिल मन्रो आणि त्याच्या बँडमधला लेस्टर, यांचं भांडण. आता नॅशव्हिलमध्ये राहून ते कोणाला ठाऊक नाही! पण आजोबा रंगवून सांगत होते हो. १९४५च्या डिसेंबरात बँजोवाला अर्ल स्क्रग्ज मन्रोच्या बँडमधून रायमन थिएटरच्या स्टेजवर उभा राहिला आणि बँजो ऐकून लोक वेडे झाले. १९४८ला तो बँड सोडून गेला, पाठोपाठ लेस्टर गेला, आणि बघता बघता दोघांचा स्वतःचा बँड! मन्रोला वाटलं, यांचं आधीच ठरलेलं होतं. झालं, बोलणंच टाकलं. ग्रँड ओल ऑप्री या रेडिओ कार्यक्रमात या दोघांना शिरू देईना. शेवटी १९५५ला कार्यक्रमाच्या प्रायोजकांनी, मार्था व्हाइट पीठवाल्यांनी, हट्ट धरला, तेव्हा कुठे दार उघडलं. पीठवाल्यांपुढे कोणाचं चालतंय! मन्रो माणूसच तसला. गिब्सनवाल्यांनी मँडोलिनची दुरुस्ती मनासारखी केली नाही, तर यानं त्यावरचं त्यांचं नावच खरवडून काढलं होतं.

आणि पुढे लेस्टरचं नि स्क्रग्जचं तरी टिकलं का? १९६९ला तेही फाटलं. स्क्रग्जला मुलांबरोबर नव्या धर्तीचं वाजवायचं होतं, लेस्टरला ते आवडेना... घरोघरी मातीच्याच चुली. तर काय सांगत होते, १९७१ला इंडियानात बीन ब्लॉसमला, मन्रोच्याच फेस्टिव्हलला, लेस्टर गेला आणि दोघांनी हात मिळवले. २३ वर्षांनी!

तर सेक्रेटरीणबाईंच्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई, आपलं तर दीडच वर्ष झालंय!" आणि पटकन जीभ चावली. आम्ही सगळ्या गप्प. डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर केला आणि काय म्हणाल्या माहितीये? "दीड नाही, पावणेदोन. आणि चकलीचे पैसे अजून यायचेत."

बोलल्या हो! भांडल्या, पण बोलल्या. दुसऱ्या भागात पर्स खाली गेली आणि पॉपकॉर्नचा डबा मध्ये आला.

रविवारी रात्री तिथं जॅम असतो, तिकीट नसतं. आम्ही सगळ्या जाणार आहोत. तुम्हीही चला ना. फक्त चकलीचा विषय काढू नका हं, आणि मी सांगितलं म्हणून तर मुळीच बोलू नका!