नोबेलवाल्यांसाठी राखीव पार्किंग

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या आवारात मोटारी लावायच्या काही मोक्याच्या जागांवर ‘एनएल’साठी राखीव, अशी पाटी असते. एनएल म्हणजे नोबेल पारितोषिकाचे मानकरी. आपल्याकडच्या ज्या विद्यापीठांना जागतिक दर्जाची घाई झाली आहे त्यांनी ही पाटी ताबडतोब अभ्यासावी, कारण बर्कलीची एवढी एकच गोष्ट एका आर्थिक वर्षात आपल्याकडे आणता येण्यासारखी आहे. निविदा काढता येते, सर्वांत कमी दराचा ठेकेदार नेमता येतो आणि पिवळे पट्टे मारून झाले की फीत कापायला मंत्रिमहोदयांची वेळही मिळते. जागेची तर चणचणच नाही. प्राध्यापकांची मंजूर पदं वर्षानुवर्षं रिकामी असल्यामुळे त्यांच्या गाड्यांच्या जागाही रिकाम्याच आहेत. त्या जागेवर गाडी लावणारा माणूस तेवढा उरतो. तो दुसऱ्या टप्प्यात घेता येईल.

जागतिक दर्जाचा हा ध्यास फार जुना नाही. 2003 साली शांघायच्या जिओ टोंग विद्यापीठाने जगातल्या विद्यापीठांची पहिली क्रमवारी काढली, ती चीनची विद्यापीठं इतरांच्या किती मागे आहेत हे मोजण्यासाठी. मोजपट्टी म्हणून ती वाईट नव्हती. पण लवकरच लंडनहून आणखी मोजपट्ट्या आल्या आणि जगभरच्या कुलगुरूंच्या ध्यानात आलं की उंची वाढवण्यापेक्षा टाचा उचलणं सोपं आहे. आज आपल्या वर्तमानपत्रांत सर्वांत जास्त छापून येणाऱ्या क्यूएस क्रमवारीत शंभरांतले 45 गुण इतर प्राध्यापकांना आणि नोकरी देणाऱ्यांना ‘तुमचं या विद्यापीठाबद्दल मत काय?’ असं विचारून दिले जातात. म्हणजे जवळजवळ निम्मा जागतिक दर्जा हा ऐकीव असतो. क्यूएसच्या यादीत 2015 साली भारतातल्या 11 संस्था होत्या, 2026 च्या यादीत 54 आहेत. याच काळात आपल्या राज्य विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत पाचपट संशोधन झालं असेल तर ते कोणाच्या कानावर आलेलं नाही. भारत सरकारने 2018 मध्ये ‘इन्स्टिट्यूट ऑफ एमिनन्स’ निवडल्या तेव्हा तर हा विचार तर्कशुद्ध टोकाला नेला. आयआयटी मुंबई, आयआयटी दिल्ली आणि बंगळुरूची इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स यांच्या पंगतीला जिओ इन्स्टिट्यूटलाही पान मांडलं. या संस्थेत पहिले वर्ग भरले 2022 साली. यावर तेव्हा उगाच टीका झाली. अस्तित्वात असलेल्या प्रत्येक संस्थेत काही ना काही उणिवा सापडतात. जी संस्था अजून व्हायची आहे तिच्यात एकही उणीव दाखवता येत नाही, हे टीकाकारांच्या लक्षात आलं नाही.

क्रमवारीमुळे निदान दबाव तरी येतो, विद्यापीठं हलतात, असं तिच्या बाजूने म्हटलं जातं. दबाव येतो हे खरंच. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2010 साली प्राध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्या शोधनिबंधांच्या गुणांशी जोडल्या. प्राध्यापक हलले आणि त्यांच्यामागून नियतकालिकंही हलली. पैसे भरा, आठवड्यात छापून देतो, अशी दुकानं इतकी फोफावली की 2018 च्या मे महिन्यात आयोगाला आपल्याच मान्यताप्राप्त यादीतून 4305 नियतकालिकं एका फटक्यात काढावी लागली. ती यादी मुळात केली कोणी, याच्या चौकशीसाठी मात्र समिती नेमल्याचं वाचनात नाही.

तेव्हा पार्किंगच्या पाटीकडे परत न जाता त्या पाटीची वेळ बर्कलीवर का आली ते पाहू. 1868 साली स्थापन झालेल्या या सरकारी विद्यापीठातल्या प्राध्यापकाला पहिलं नोबेल मिळालं 1939 साली, म्हणजे 71 वर्षांनी. एवढ्या अवधीत आपल्याकडे चौदा कुलगुरू होऊन जातात. पाया त्याच्या बराच आधी घातला गेला होता. 1912 साली गिल्बर्ट लुईस नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला तिथे आणून रसायन विभाग त्याच्या हवाली केला. त्याने चांगली माणसं वेचून आणली, शिकवण्याचा बोजा सगळ्यांत वाटला आणि आठवड्याला एक चर्चासत्र चालवलं, ज्यात नवखा विद्यार्थीही खुद्द लुईसला अडचणीचा प्रश्न विचारू शकत असे. या विभागात शिकून गेलेल्या युरीला 1934 साली, जिओकला 1949 साली, सीबोर्गला 1951 साली आणि लिबीला 1960 साली नोबेल मिळालं. लुईसचं स्वतःचं नाव चाळीसहून जास्त वेळा सुचवलं गेलं, पण त्याला ते कधीच मिळालं नाही. म्हणजे शांघायच्या पट्टीने मोजलं तर या माणसाचे प्राध्यापक म्हणून नोबेलच्या रकान्यातले गुण शून्य, आणि त्याच्या विभागाला पहिली बावीस वर्षं माजी विद्यार्थ्यांच्या रकान्यातही दाखवायला काही नाही. आपल्या कुलगुरूंचा कार्यकाळ पाच वर्षांचा असतो. कोणत्याही जागरूक व्यवस्थापन परिषदेने तिसऱ्याच वर्षी लुईसकडे प्रगती अहवाल मागितला असता आणि चौथ्या वर्षी त्या चर्चासत्राच्या चहापाण्याच्या बिलांवर आक्षेप घेतला असता.

दुसरी घटना 1919-20 ची. जुने अध्यक्ष निवृत्त झाल्यावर बर्कलीच्या प्राध्यापकांनी विश्वस्त मंडळाशी भांडून नेमणुका आणि बढत्यांमध्ये आपल्या अकॅडमिक सिनेटचा शब्द मान्य करून घेतला. तेव्हापासून एखाद्या भौतिकशास्त्रज्ञाला घ्यायचं की नाही याचा निवाडा मुख्यतः इतर भौतिकशास्त्रज्ञ करतात. हे इतकं साधं आहे की आपल्याला त्यात काहीतरी गफलत वाटते. आपल्या निवड समितीत कुलपतींचा प्रतिनिधी असतो, शासनाचा असतो, बाहेरचे तज्ज्ञ असतात आणि विभागप्रमुखालाही एक खुर्ची असते. पण ही समिती बसणार कधी, तर वित्त विभागाने पद भरायला मान्यता दिल्यावर, आरक्षणाची बिंदुनामावली तपासून झाल्यावर आणि कोर्टातली स्थगिती उठल्यावर. तोवर विभागप्रमुख निवृत्त झालेला असतो.

यावर लगेच म्हटलं जातं की अमेरिकेच्या गोष्टी इथे सांगू नका; तिथला पैसा वेगळा, माणसं वेगळी. ठीक आहे, माटुंग्याला जाऊ. 1933 साली मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू केला, तोच माटुंग्याचा यूडीसीटी. याच विभागात मनमोहन शर्मा 1964 साली, वयाच्या 27 व्या वर्षी थेट प्राध्यापक झाले. पुढे 1990 साली रॉयल सोसायटीचे फेलो म्हणून निवडले गेलेले ते पहिले भारतीय अभियंता ठरले. तेच शर्मा आज अर्ज करतील तर? आयोगाच्या 2018 च्या नियमांप्रमाणे प्राध्यापक होण्यासाठी दहा वर्षांचा अनुभव, मान्य नियतकालिकांत किमान दहा शोधनिबंध आणि 120 गुणांचा संशोधन तक्ता लागतो. त्यांचा अर्ज छाननीतच बाद होईल, आणि बाद करणारा कारकून पूर्णपणे नियमात असेल. विद्यापीठाने या विभागाचं पुढे काय केलं तेही पाहण्यासारखं आहे. तो नावारूपाला येत गेला तसतशी त्याची विद्यापीठाच्या चौकटीबाहेर पडण्याची धडपड वाढत गेली. आधी स्वायत्तता मिळाली, मग 2008 साली तो स्वतःच अभिमत विद्यापीठ, म्हणजे आजची आयसीटी झाला. मुंबई विद्यापीठाचा सर्वांत नावाजलेला विभाग जागतिक दर्जाच्या दिशेने निघाला तो विद्यापीठातूनच बाहेर पडून.

पुण्यातला दाखला तर आणखी अवघड जागचा आहे. गणेशखिंडीत पुणे विद्यापीठाच्याच आवारात 1988 साली जयंत नारळीकरांनी आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली. तिला पैसा देतो तो विद्यापीठ अनुदान आयोगच, जो आवारातल्या इतर विभागांनाही देत आला आहे. उभारणीत नारळीकरांच्या सोबत असलेले आणि पुढे संचालक झालेले नरेश दधीच आधी याच विद्यापीठाच्या गणित विभागात होते. म्हणजे हवा तीच, नळाचं पाणी तेच, शासन तेच, काही प्रमाणात माणसंही तीच. तरीही खगोलशास्त्रात जगभर आयुकाचं नाव निघतं. शेजारच्याच एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या केंद्राचंही निघतं, ज्याची खोडदची महाकाय दुर्बीण वापरायला परदेशांतून लोक अर्ज करतात. फरक शोधायला समिती नको. आयुकाच्या संचालकाला माणूस हेरता येत होता, त्याला बोलावून घेता येत होता आणि नंतर त्याच्या वाटेतून बाजूला होता येत होतं. शिवाय आयुकाकडे बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाच्या उत्तरपत्रिका तपासायला येत नाहीत.

या शेवटच्या वाक्यात आपल्या विद्यापीठांचं निम्मं दुखणं आहे. 1857 साली मुंबई विद्यापीठ निघालं ते तेव्हाच्या लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, परीक्षा घेणारी संस्था म्हणून. शिकवणारे विभाग यायला अर्धशतक उलटून गेलं. ते आले तेव्हा मात्र जोमात आले. पॅट्रिक गेडिस यांनी 1919 साली सुरू केलेल्या समाजशास्त्र विभागातून घुर्ये आणि त्यांच्या हाताखाली इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास अशी माणसं निघाली. स्वातंत्र्याच्या आगेमागे संशोधन विद्यापीठांतून उचलून टीआयएफआर, एनसीएल अशा वेगळ्या घरांत नेलं गेलं आणि परीक्षा मात्र जुन्या घरात राहिल्या. आज मुंबई विद्यापीठाला आठशेच्या वर महाविद्यालयं संलग्न आहेत. 2017 साली संगणकावर उत्तरपत्रिका तपासण्याचा प्रयोग फसला, निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि त्यापायी कुलगुरूंना घरी जावं लागलं. संशोधन रखडलं म्हणून आपल्याकडे कुलगुरू गेल्याचं उदाहरण शोधूनही सापडत नाही. विद्यापीठाकडून समाजाची खरी अपेक्षा काय आहे हे त्यावरून कळतं, आणि विद्यापीठंही त्या अपेक्षेला जागतात.

पैशाचा आक्षेप खोटा नाही. भारत संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.64 टक्के खर्च करतो, चीन दोन टक्क्यांच्या वर आणि दक्षिण कोरिया चारच्याही वर. 2023 च्या कायद्याने आलेल्या अनुसंधान प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत 50,000 कोटी जाहीर झाले, त्यांतले 36,000 कोटी उद्योग, दानशूर वगैरे मंडळींकडून यायचे आहेत. ते येतील, प्रत्येकाच्या खात्यात येणाऱ्या पंधरा लाखांच्या मागोमाग येतील. पण सरकारकडे असलेला पैसा कशावर जातो हाही प्रश्न आहे. संशोधनाचं सर्वांत स्वस्त उपकरण म्हणजे कायम नोकरीतला, दहा वर्षं कोणी हटकणार नाही असा माणूस. नेमकी त्यातच आपण काटकसर करतो.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: विभागांच्या हाती निवड दिली तर ते भाचे-पुतणे भरतील. भरतील, काही ठिकाणी नक्की भरतील. मात्र हा आक्षेप घेणाऱ्याने आज शासन, कुलपती, तज्ज्ञ आणि छाननी समिती अशी चार कुलपं असताना भाचे-पुतणे आत कसे येतात, तेही सांगावं. बर्कलीतही विभागाच्या शिफारशीवर बाहेरच्या जाणकारांची पत्रं येतात, सिनेटची समिती ती तपासते. तो पहारा आहेच, फक्त पहारेकऱ्यांना विषय कळतो. आणि बर्कली म्हणजे स्वर्ग नव्हे. 1950 साली साम्यवादविरोधी शपथ घ्यायला नकार दिला म्हणून विश्वस्तांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या 31 प्राध्यापकांना काढून टाकलं होतं. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1952 साली ते बेकायदा ठरवलं. राजकारणी तिथेही हात घालतात. फक्त तिथे हात घातल्याची बातमी होते, इथे हात काढून घेतला तर व्हावी.

मग आरक्षणाचं काय, असा तिसरा प्रश्न आवाज खाली आणून विचारला जातो. गुणवत्ता हवी तर आरक्षण आड येतं, असं सुचवायचं असतं, म्हणायचं नसतं. राखीव जागा कोणत्या प्रवर्गाची हे बिंदुनामावली ठरवते. त्या प्रवर्गातला सर्वांत चांगला माणूस कोण हे ठरवायला विषय कळणारेच लागतात. आरक्षणाची सर्वांत मोठी पायमल्ली मात्र रिकाम्या खुर्चीत होते. जे पद भरलंच नाही त्यावर ना राखीव प्रवर्गातला बसतो, ना खुल्या. त्या खुर्चीच्या वाट्याचे तास तासिका तत्त्वावरचा पीएच.डी. झालेला पस्तिशीतला तरुण घेतो.

निवड कोणाच्या हाती असावी यावर आपल्याकडे भांडण झालंही. 2021 च्या डिसेंबरात महाराष्ट्राच्या विधिमंडळाने विद्यापीठ कायद्यात दुरुस्ती मंजूर केली: कुलगुरूंच्या नावांची शिफारस राज्य शासन करणार, मंत्री प्रकुलपती होणार. मोठा गदारोळ झाला, विद्यापीठांची स्वायत्तता धोक्यात आल्याचं सांगितलं गेलं आणि पुढच्या सरकारने दुरुस्ती मागे घेतली. कुलगुरू मुंबईतल्या मंत्रालयाने निवडावा की मुंबईतल्याच राजभवनाने, या प्रश्नावर दोन्ही बाजू प्राणपणाने लढल्या. प्राध्यापकांना विचारावं असं दोघांपैकी कोणाच्याही मसुद्यात नव्हतं. तासिका तत्त्वावरच्या त्या तरुणाचा तर कुठेच उल्लेख नव्हता; त्याला मानधन मिळतं ते शिकवण्याच्या तासाचं, संशोधनातला तास हिशेबात धरला जात नाही.